पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे आपले लक्ष बहुधा रणांगणाकडे, राजसभेकडे किंवा धर्मपीठाकडे जाते. ज्याने आयुष्यभर पाखरांच्या मागे हिंडण्याचाच उद्योग केला, अशा मनुष्याचे चरित्र शाळेच्या वार्षिकात कशासाठी, असे एखाद्या पालकास वाटणे साहजिक आहे. परंतु आपले वळसंग ज्या जिल्ह्यात आहे, त्या सोलापूर जिल्ह्याच्या माळांवर एके काळी कमरेइतका उंच असा एक रुबाबदार पक्षी मोकळेपणाने वावरत असे. त्याचे नाव माळढोक. आज तो आपल्या जिल्ह्यातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तो का गेला, आणि अशा प्राण्यास वाचवावयाचे तर कोणत्या प्रकारचे ज्ञान लागते, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने ते ज्ञान आपल्या देशात ज्यांनी रुजविले, त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबई येथे १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे होतात तोच आईही गेली. ह्या पोरक्या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी पोटच्या मुलांप्रमाणे केला. सलीम यांचे प्राथमिक शिक्षण गिरगावातील एका झनाना बायबल मिशनच्या मुलींच्या शाळेत, आपल्या बहिणींबरोबर, झाले आणि पुढे ते सेंट झेवियर्समध्ये गेले. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट ऐकून थोडेसे आपलेपण वाटल्यावाचून राहणार नाही.

बालपणी हा मुलगा पक्षिप्रेमी मुळीच नव्हता. तो होता शिकारी. मामांनी दिलेली छऱ्याची बंदूक घेऊन तो चिमण्या टिपत फिरे. एकदा पागेच्या भिंतीतील भोकात एका चिमणीने घरटे केले होते. बाहेर पहाऱ्यास बसलेला नर ह्या मुलाने मारला, तर थोड्याच वेळात दुसरा नर त्याच्या जागी येऊन बसला. सात दिवसांत असे आठ नर त्याने मारले, आणि प्रत्येक वेळी मादीस नवा जोडीदार मिळालेला दिसला. ही हकीकत वाचून आपले मन कळवळते, आणि ते कळवळावयासच हवे. तथापि त्या मुलाने एक गोष्ट अशी केली की, जी बंदूक चालविणारी हजारो मुले करीत नाहीत. जे पाहिले ते त्याने आपल्या वहीत टिपून ठेवले. हातून क्रौर्य घडत होते. परंतु डोळे मात्र शोधकाचे होते.

असाच एके दिवशी त्याने एक पक्षी पाडला. तो चिमणीसारखाच दिसत होता. परंतु त्याच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता, हे मामांस सांगता येईना. ते स्वतः शिकारी असून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद होते. त्यांनी भाच्यास चिठ्ठी देऊन संस्थेचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांजकडे पाठविले. ही गोष्ट १९०८ च्या सुमाराची. साहेबाच्या कचेरीत पाऊल टाकताना त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाची छाती धडधडली असल्यास नवल नाही. परंतु मिलार्डसाहेबांनी त्यास हाकलून लावले नाही किंवा त्याचा उपहासही केला नाही. त्यांनी पक्ष्याचे नाव सांगितले, पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांची कपाटे एकामागून एक उघडून दाखविली, आणि पक्षी कसे जतन करावे व त्यांची नोंद कशी ठेवावी हे शिकविण्याची तयारी दर्शविली. एका वडीलधाऱ्या माणसाने एका मुलाच्या प्रश्नास दिलेली एक घटका! त्या एका घटकेतून पुढे केवढे कार्य उभे राहिले, याचा विचार शिक्षकांनी व आईबापांनी अवश्य करावा.

शाळेच्या अभ्यासात सलीम यांचे तेज कधीच पडले नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांस डोकेदुखीचा विकार जडला. कोरड्या हवेने गुण येईल म्हणून त्यांस सिंधमध्ये नातलगांकडे धाडण्यात आले. अभ्यासात खंड पडला, आणि १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. कॉलेजात मन रमेना, म्हणून ते ब्रह्मदेशात तावॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या व इमारती लाकडाच्या धंद्यात गेले. तेथील रानांत धंद्यापेक्षा पाखरांकडेच त्यांचे लक्ष अधिक लागले. १९१७ साली ते मुंबईस परतले आणि हिशेब व व्यापारी कायदा शिकू लागले. त्याच वेळी सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांची दृष्टी त्यांजवर पडली. फादर ब्लॅटर हे जेझुइट धर्मगुरू असून नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ह्या तरुणाचा जीव कशात आहे हे त्यांनी ओळखले व त्यास प्राणिशास्त्र शिकण्याची प्रेरणा दिली. १९१८ च्या डिसेंबरात सलीम यांचा विवाह तेहमिना यांच्याशी झाला. पतीच्या ह्या विलक्षण छंदास त्या माउलीने कधी अडसर घातला नाही. उलट रानावनांतील मुक्कामांत त्या त्यांच्याबरोबर राहिल्या.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील जागा त्यांस मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये प्रेक्षकांस माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा त्यांस मिळाली. परंतु आपले ज्ञान अपुरे आहे, ही जाणीव त्यांस स्वस्थ बसू देईना. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकू लागले. तोपर्यंत आपल्याकडील पक्षिविद्या म्हणजे पक्षी मारणे, त्याच्या कातड्यात कापूस भरणे आणि त्यास लॅटिन नावाची चिठ्ठी बांधणे, एवढ्यावरच बहुधा थांबत असे. मेलेला पक्षी आपले नाव सांगू शकतो. परंतु तो काय खातो, कोठे निजतो, जोडीदार कसा निवडतो आणि त्याची पिले का जगतात वा मरतात, हे सांगण्यास पक्षी जिवंत असावा लागतो व पाहणाऱ्याच्या अंगी धीर असावा लागतो. ही दृष्टी सलीम अलींस बर्लिन येथे लाभली.

१९३० साली ते परतले, तो म्युझियममधील त्यांची जागा पैशांच्या अभावी रद्द झालेली! पदरी संसार, हाती विद्या, आणि नोकरी मात्र नाही. ते दांपत्य अलिबागजवळील किहीम ह्या समुद्रकाठच्या खेड्यात जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली आडोशास बसून दिवसच्या दिवस त्या लोंबत्या घरट्यांकडे पाहत राहिले आणि जे दिसले ते लिहीत गेले. आपल्या मराठीत सुगरण हा शब्द स्त्रीवाचक आहे, आणि ते सुरेख घरटे मादीच विणते, अशी आपली सर्वांची समजूत. त्यांस दिसले ते निराळेच. घरटे विणतो तो नर. तो ते अर्धे विणून थांबतो. माद्या येऊन त्याची पारख करतात. एखादीस ते पसंत पडले म्हणजे ती त्यात ठाण मांडते, आणि मग नर ते पुरे करतो. ती अंड्यांवर बसली की तो दुसरे घरटे विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा शोध १९३१ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचे नाव शास्त्रज्ञांच्या कानी गेले. नोकरी गेलेल्या माणसाने रिकाम्या दिवसांचे केलेले हे सोने होय.

पुढे त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचे काम अंगावर घेतले. अट एवढीच की, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यावा. स्वतःसाठी मोबदला नको. १९३१-३२ साली आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या निजामाच्या मुलखाची पाहणी झाली. त्यामागून त्रावणकोर, कोचीन व इतर प्रदेश झाले. बैलगाडी, तंबू, दुर्बीण आणि वही, असा त्यांचा संसार होता. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाई निवर्तल्या. हा घाव त्यांच्या वर्मी लागला. ते बहिणीच्या घरी राहू लागले आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी कामास वाहिले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली आली. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या साहाय्याने त्यांनी भारत व पाकिस्तान यांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे प्रकाशन १९६८ ते १९७४ ह्या काळात झाले. पहिला खंड निघाला तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती.

पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली हलकी कडी अडकवून ते कोठून कोठे जातात हे शोधण्याचे काम त्यांच्या मार्गदर्शनाखाली संस्थेने मोठ्या प्रमाणावर केले. सन्मानही मागोमाग आले : १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेचे सभासदत्व. १९७६ साली निसर्गरक्षणाच्या कार्याबद्दल पन्नास हजार डॉलरांचे गेटी पारितोषिक मिळाले, ते त्यांनी संस्थेच्या कार्यासच दिले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले ते बालपणी पाडलेल्या त्या चिमणीच्या पतनाचे. एका चिमणीचे पडणेही स्वर्गीय पित्याच्या नजरेतून सुटत नाही, ही आम्हां ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. ज्या मनुष्याने ती चिमणी पाडली, त्याच्याच हातून पुढे असंख्य पाखरांचे रक्षण व्हावे, यात आम्हांस ईश्वरी योजनेची खूण दिसते. १९८७ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते निधन पावले.

चरित्रलेखकाने नुसती आरती ओवाळू नये. म्हणून एक गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ हे एके काळी राजेरजवाड्यांचे बदके मारण्याचे ठिकाण होते. ते पक्ष्यांसाठी राखले जावे म्हणून सलीम अलींनी फार खटपट केली, आणि १९८२ च्या सुमारास तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. गुरांच्या चरण्याने पक्ष्यांची हानी होते असे त्यांचे मत होते; त्यास अनुसरून तेथील चराई बंद करण्यात आली. आसपासच्या गावकऱ्यांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत आल्या होत्या. तंटा विकोपास गेला, गोळीबार झाला व काही माणसे प्राणास मुकली. पुढे त्यांच्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजमाप केले, तेव्हा आढळले ते असे की, म्हशी नाहीशा झाल्यामुळे गवत बेसुमार माजले, पाण्याचा पृष्ठभाग झाकून गेला, आणि कित्येक पक्ष्यांची संख्या उलट घटली. एवढ्या मोठ्या पंडिताचा तर्क चुकला, आणि तो चुकला हे त्यानेच वाढविलेल्या संस्थेने जगापुढे मांडले. शास्त्राची थोरवी आम्हांस येथे दिसते. नावाच्या वजनापेक्षा नोंदीचे वजन अधिक मानणे हेच शास्त्र होय. आणि ज्या रानात प्राणी राहतो, त्या रानाच्या काठी माणसेही राहतात, हे विसरून केलेले रक्षण टिकत नाही, हाही त्यातील बोध आहे.

हाच बोध दूरच्या उत्तर ध्रुवाकडूनही मिळतो. तेथील पांढऱ्या अस्वलांची बेसुमार शिकार होऊ लागली, तेव्हा १९७३ साली ओस्लो येथे कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएट रशिया व अमेरिका ह्या पाच राष्ट्रांनी त्यांच्या रक्षणाचा करार केला. बंदुकीस आळा बसला. परंतु शास्त्रज्ञांनी अस्वलांस भूल देऊन त्यांचे वजन केले, मानेत पट्टे बांधून त्यांचा माग काढला, तेव्हा दुसरेच संकट दिसू लागले. हे अस्वल समुद्रावरील बर्फावर उभे राहून सील माशांची शिकार करते. सील हा वस्तुतः मासा नसून सस्तन प्राणी आहे. पृथ्वीची उष्णता वाढल्याने कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम काठी बर्फ पूर्वीपेक्षा लवकर फुटू लागला, अस्वलांच्या उपवासाचे दिवस वाढले आणि ती रोडावू लागली. गोळी न झाडताही प्राणी मारता येतो. त्याचे घर काढून घेतले म्हणजे पुरे.

आता ह्याच दृष्टीने आपल्या माळाकडे पाहू. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो; उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजन फार थोड्यांचे. तो टोळ, किडे, सरडे, धान्य व शेंगा खातो. त्याची मादी झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या माळावर, भुईवरच, बहुधा एकच अंडे घालते. म्हणून त्यास मोकळा, विस्तीर्ण व निवांत गवताळ माळ हवा. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची वेळ आली, तेव्हा सलीम अलींनी ह्या माळढोकाची शिफारस केली होती. मान मिळाला तर लोकांचे लक्ष जाईल व पक्षी वाचेल, हा त्यांचा हेतू. १९६३ साली तो मान मोरास मिळाला. १९७९ साली सोलापूरच्या उत्तरेस नान्नज येथे माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, आणि १९८० नंतरच्या दशकात सलीम अलींच्या संस्थेच्या अभ्यासकांनी तेथे मुक्काम ठोकून ह्या पक्ष्याच्या राहणीच्या नोंदी केल्या.

परंतु येथेही भरतपूरचाच पेच उभा राहिला. अभयारण्याची आखणी कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर एवढी झाली. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा व शेजारच्या नगर जिल्ह्याचे काही तालुके तीत आले. त्यात गावे होती, शेते होती, बाजार होते. जमिनीच्या व्यवहारांस अडथळे येऊ लागले, तसा शेतकऱ्यास हा निरुपद्रवी पक्षी वैऱ्यासारखा वाटू लागला. पुढे ही हद्द पुष्कळ कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणण्यात आली. इकडे माळ नांगरले जात होते, पाण्याची सोय होईल तेथे ऊस उभा राहत होता, आणि पडीक जमीन म्हणून उघड्या माळावर दाट झाडीही लावली जात होती. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. परंतु ज्या पाखराचे घर उघडा माळ हेच आहे, त्याच्या दृष्टीने ती झाडी म्हणजे घरावर घातलेली धाड होय. त्यात विजेच्या तारांची भर पडली. माळढोकास समोरचे नीट दिसत नाही, आणि जड शरीरामुळे तारेजवळ आल्यावर चटकन वळताही येत नाही.

देशभरात १९६९ साली सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. २०१८ च्या सुमारास तो दीडशेवर आला. त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचा प्रयत्न चालू आहे. नान्नजच्या माळावर मात्र गेल्या काही वर्षांत ह्या पक्ष्याचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी जो पक्षी डोळ्यांनी पाहिला, तो आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा चित्रातच पाहावा लागणार, ही खेदाची गोष्ट होय.

तरीही आम्ही निराश नाही. माळढोकाखेरीज आपल्या माळांवर काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, चंडोल व धाविक आहेत. वळसंगच्या मुलास हे पाहावयास दूर जावे लागत नाही. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्र सरकारने २०२० साली ठरविला. त्याच्या शेवटच्या दिवशी सलीम अलींची जयंती येते, आणि पहिल्या दिवशी सोलापूर येथे जन्मलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांची. एक मुंबईचा, एक आपल्या जिल्ह्याचा. हा सप्ताह भाषणांत घालविण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी. घराजवळचा कोणताही एक पक्षी निवडावा. तो किती वाजता येतो, काय खातो, घरटे कोठे करतो, हे रोजच्या रोज तारीख घालून लिहावे. गृहीत धरलेले लिहू नये, पाहिलेलेच लिहावे. आणि मूल असा प्रश्न घेऊन आले तर आईबापांनी त्यास परीक्षेचे भय घालून परत पाठवू नये. उत्तर येत नसेल तर ज्यास येते त्याजकडे चिठ्ठी देऊन पाठवावे.

सलीम अली हे परीक्षेत कसेबसे उतरलेले, पदवी न मिळालेले, नोकरी गेलेले आणि ऐन कर्तृत्वाच्या काळात जोडीदारास मुकलेले गृहस्थ होते. त्यांच्यापाशी होते ते दोन टिपणारे डोळे, एक वही आणि साठ-सत्तर वर्षे न खचलेली चिकाटी. ह्यांपैकी एकही वस्तू अशी नाही की, जी गरिबातल्या गरीब मुलास मिळू नये. परमेश्वराने निर्मिलेल्या जीवांची राखण माणसाकडे सोपविलेली आहे. राखणदाराने प्रथम आपली राखण कोणाची आहे हे नीट ओळखले पाहिजे. तेवढे जरी ह्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी घेतले, तरी पुष्कळ झाले.